वादळात उडालेली देवस्थानची पागा: आधी घोडे, मग पाया, टिनं शेवटी

नमस्कार ताई.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नागपूरच्या काटोल रस्त्याला तुमच्या वारकरी ट्रस्टची सहा एकर जागा आहे. तिथे विठ्ठलाचं लहान मंदिर, भजनाचा सभामंडप आणि नऊ घोड्यांची पागा आहे. घोडे दिंडीच्या रिंगणाला जातात आणि एरवी दर रविवारी विशेष मुलांना त्यांच्यावर बसवून फिरवता. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आलेल्या वादळात पागेची बहुतेक टिनं उडाली, दोन कैच्या (छपराचे त्रिकोणी लोखंडी सांगाडे) वाकल्या, सभामंडपही उघडा पडला. घोडे वाचले, दोघांना जखमा झाल्या. एक भक्त फुकट टिनं द्यायला तयार आहेत, गावची पोरं श्रमदानाला तयार आहेत. तुम्ही विचारलंय की टिनं 26 गेजची घ्यावी की 24 ची, आणि पाऊस लागायच्या आत छप्पर बसेल का.

गेजचं, म्हणजे टिनाच्या जाडीचं सांगतो: 24 घ्या, ते 26 पेक्षा जाड असतं. पण तुमचं छप्पर गेजमुळे गेलेलं नाही. ते जमिनीपासून टिनापर्यंतच्या साखळीतल्या कुठल्या तरी कड्यात तुटलंय, आणि ती कडी न शोधता तुम्ही जाड टिनं बसवली तर पुढच्या मे महिन्यात जाड टिनं उडतील. जाड टिन उडून घोड्याच्या अंगावर येणं जास्त वाईट. दुसरं म्हणजे नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्याला लागतो. तुमच्या हातात चार आठवडे आहेत. त्यात सगळं होणार नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे की या चार आठवड्यांत काय करायचं आणि काय मुद्दाम पावसाळ्यानंतरवर टाकायचं.

मी नागपूर जिल्ह्यात 28 वर्षं शेड उभारतोय. गोशाळा, गोदामं, कुक्कुटपालनाची शेडं, आणि तीन पागा. पशुवैद्यक मी नाही. घोड्यांबद्दल जे लिहितोय ते त्या पागांवरच्या डॉक्टरांकडून आणि जुन्या मोतद्दारांकडून, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यांकडून, शिकलोय. तुमची जागाही मी पाहिलेली नाही, त्यामुळे मातीवर आणि मोडतोडीच्या प्रकारावर अवलंबून असलेल्या गोष्टी तशा सांगेन.

घोड्यांपासून सुरू करतो, कारण तुमच्या पत्रात त्यांच्या जखमांवर एकच ओळ आहे. धनुर्वाताचा धोका घोड्याला बाकी जनावरांपेक्षा फार जास्त असतो. गंजकं टिन, खिळा, मातीत भरलेली खोल जखम, एवढं पुरे. लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागू शकतात, म्हणून आठवडा बरा गेला यावर विसंबू नका. या दोघांना धनुर्वाताची लस कधी दिली होती ते वहीत बघा आणि आजच डॉक्टरांना बोलवा. चाल ताठ होणं, कान टवकारलेलेच राहणं, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा वर येणं, चावायला त्रास होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथला नंबर पागेच्या खांबावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरं भय पोटाचं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वाईट चारा पोटात गेला की तो आतच राहतो. वादळानंतर जो पाऊस झाला त्यात तुमचा कडबा आणि कुटार भिजलं असेलच. वरून वाळल्यासारखं दिसतं, पण गंजीत हात घातला तर आत गरम लागतं आणि कुबट वास येतो. ते घोड्याला घालू नका, गाईलाही नको, थेट खताच्या खड्ड्यात टाका. चारा वाया गेल्याचं दुःख मला कळतं, पण एका पोटदुखीत घोडा जातो. घोडा सारखा पाय आपटतोय, मागे वळून कुशीकडे बघतोय, लीद टाकत नाही, चंदीला (दाण्याला) तोंड लावत नाही, असं दिसलं की डॉक्टर.

तिसरी गोष्ट मंदिराच्या आवारातच असते म्हणून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पूजेच्या फुलांसाठी आपण कण्हेर लावतो, पिवळी बिट्टी लावतो. वादळात त्यांच्या फांद्या मोडून कुंपणापलीकडे पडतात. दोन्ही झाडं घोड्याला विषारी आहेत, थोडी पानंही जिवावर बेततात, आणि सुकलेल्या पानांतलं विष जात नाही. मोकळ्या सोडलेल्या घोड्यांनी ती खाण्याआधी पोरांकडून सगळा पालापाचोळा उचलून घ्या. श्रमदानाचं हे पहिलं आणि खरंच मोलाचं काम आहे. लगोलग दुसरं काम खिळे आणि स्क्रू वेचण्याचं. जुन्या लाउडस्पीकरचं मोठं चुंबक दोरीला बांधून सगळ्या आवारात ओढत फिरवा, आधी उभं मग आडवं. मागच्या वेळी एका पागेत आम्ही असं केलं तेव्हा घमेलंभर स्क्रू निघाले, आणि ते सगळे घोड्यांच्या रोजच्या वाटेवर होते.

आता छप्पर का गेलं ते बघू. काहीही उचलण्याआधी, हलवण्याआधी फोटो काढा. पंचनाम्याला आणि विमा असेल तर विमा कंपनीच्या माणसाला ते लागतातच, पण मला ते वेगळ्या कारणासाठी हवेत. टिनं कोणत्या दिशेला पडली? टिनातली स्क्रूची भोकं लांबट झाली आहेत का, की टिनाबरोबर पर्लिनही (टिन ज्यावर बसतं तो आडवा लोखंडी पट्टा) उखडलं? वेल्ड तुटलाय का? खांब सरळ उभे आहेत की काँक्रीटच्या गोळ्यासकट वर आले? यावरून कुठली कडी तुटली ते कळतं. भोकं फाटली असतील तर स्क्रू कमी होते किंवा वॉशर लहान होते. पर्लिन गेलं असेल तर कैचीवरचं वेल्डिंग नुसतं टिपके देऊन केलं होतं. खांबच वर आले असतील तर बाकी सगळं चांगलं असूनही पाया हलका होता, आणि मग जुन्या सांगाड्यावर काहीही बसवण्यात अर्थ नाही.

लोकांना वाटतं छपराचं काम वजन पेलण्याचं. आपल्याकडे, विशेषतः टिनाच्या शेडला, खरं काम उलट असतं: छप्पर जमिनीला धरून ठेवण्याचं. हिशेब करून दाखवतो. वाऱ्यासाठीचं भारतीय मानक 875, भाग 3 हे आहे. त्यात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला जवळपास 118 किलो येतो. शेडचा आकार, उंची, उघडी बाजू यांप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण अंदाजाला हा आकडा धरा. एका चौरस मीटर टिनाचं स्वतःचं वजन साडेचार-पाच किलो. म्हणजे वारा टिनाच्या वजनाच्या वीसपट जोरानं ते वर खेचू शकतो. 24 फूट रुंद शेडमध्ये दर 12 फुटांवर खांब असेल तर एका खांबाच्या वाट्याला 144 चौरस फूट छप्पर येतं आणि त्याला वर ओढणारा जोर दीड टनाच्या आसपास जातो. आता मिस्त्री काय करतो? फूटभर लांब, फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतो आणि त्यात खांब उभा करून काँक्रीट ओततो. त्या काँक्रीटचं वजन दीडशे किलोसुद्धा भरत नाही.

मी नवा होतो तेव्हा हेच केलं होतं. कळमेश्वरकडे एका गोशाळेचं शेड बांधलं, टिनं उत्तम, रंग उत्तम, पाया तेवढाच. दुसऱ्याच उन्हाळ्यात वावधन आलं आणि चार खांब मुळासकट उपटले. एक गाय मेली. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी पाया झाकण्याआधी स्वतः उतरून मोजल्याशिवाय पुढे जात नाही.

आपल्या काळ्या मातीचा यात मोठा हात आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि खांबाच्या भोवती फट तयार होते. म्हणजे वादळं येण्याच्या दिवसांतच मातीची पकड सगळ्यात कमी असते. म्हणून खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यायचा. काटोल रस्त्याला तो कुठे तीन फुटांवर लागतो, कुठे सहा फुटांवर. तुमच्या जागेत दोन खड्डे घेऊन बघितल्याशिवाय कुणी छातीठोक सांगू नये. तळाला पाया रुंद ठेवायचा, वर निमुळता, आणि भोवती काळी माती परत न भरता मुरूम भरून पाणी मारून ठोकायचा. मग वरच्या भरावाचं वजनही खांबाला धरून ठेवतं. खांब काँक्रीटमध्ये नुसता रोवू नका. बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी) आणि ती काँक्रीटला धरणारे अँकर बोल्ट घ्या, पुढे कधी खांब गंजला तर बदलता येतो. घोड्याचं मूत्र लोखंड लवकर खातं, म्हणून बेसप्लेट जमिनीपासून किमान फूटभर उंच काँक्रीटच्या पेडेस्टलवर बसवा.

शेडच्या आकाराबद्दल. तुम्ही लिहिलंय की तीन बाजू टिनानं बंद आणि समोरची लांब बाजू उघडी आहे. वाऱ्याच्या दृष्टीनं हा सगळ्यात वाईट आकार. वारा आत शिरतो, बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो आतून वर ढकलतो आणि त्याच वेळी वरून शोषून घेतो. पूर्ण बंद पागा 45 अंशांच्या उन्हात भट्टी होईल, तेही नको. मी दोन्ही लांब बाजूंना साडेचार फुटांची विटांची भिंत घेतो आणि वर छपरापर्यंत मोकळं ठेवतो. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून निघून जातो, घोड्याला हवा मिळते. छपराची बाहेर आलेली पाखी दोन फुटांपेक्षा जास्त नको, कारण वारा पहिल्यांदा तिथेच बोट घालतो. कडेच्या, आढ्याच्या आणि कोपऱ्यांच्या टिनांना मधल्यांच्या दुप्पट स्क्रू मारा. जे-हुकपेक्षा (टिन अडकवायच्या वाकड्या बोल्टपेक्षा) सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे, स्क्रू आणि मोठं रबरी वॉशर मला जास्त भरवशाचं वाटतं. घोड्यानं मान उडवली तरी लागू नये म्हणून छपराची सगळ्यात खालची बाजू दहा फुटांच्या वर हवी.

मग चार आठवड्यांत काय? माझं मत स्पष्ट आहे: नऊ ठाणं, म्हणजे एकेका घोड्याच्या नऊ खोल्या, करण्याचा हट्ट सोडा. पाच किंवा सहा ठाणांची एकच ओळ, 12 बाय 12 फुटांची, पण पायापासून नीट करा. ते पावसाआधी होऊ शकतं, जर पुढच्या चार दिवसांत खड्डे खणायला घेतले तर. उरलेले तीन-चार घोडे पावसाळाभर ओळखीच्या शेतावर किंवा दुसऱ्या पागेत ठेवा. तिथे दुसरे घोडे असतील तर आधी डॉक्टरांकडून ग्लँडर्सची रक्ततपासणी दोन्हीकडच्या घोड्यांची करून घ्या. तो रोग माणसालाही होतो आणि कायद्यानं कळवावा लागतो, त्यामुळे यात भिडस्तपणा नको.

तोवर मे महिन्याचं ऊन. ताडपत्री ताणू नका. वाऱ्यात ती शिडासारखी फुगते, फडफडते, आणि नुकत्या घाबरलेल्या घोड्याला त्या आवाजानं पुन्हा वेड लागतं. बल्ल्यांवर हिरवी शेडनेट बांधा, तिच्यातून वारा जातो. संध्याकाळी ढग भरून आले की घोडे एकट्या मोठ्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला लागून बांधू नका, विजेचा धोका तिथे जास्त असतो. मोकळ्या जागेत अगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढून-मागून दोरांनी, जखडण्यापेक्षा वर्तुळाकार लाकडी कुंपणात सोडलेले बरे. विजेच्या इशाऱ्यासाठी मोतद्दाराच्या फोनमध्ये दामिनी अ‍ॅप घालून द्या, आणि सोनेगावच्या हवामान केंद्राचा रोजचा अंदाज कुणी तरी एकानं बघण्याची जबाबदारी घ्यावी. तुटून लोंबणारी तार दिसली तर कुणीही हात न लावता वीज कंपनीच्या 1912 ला फोन.

फरशीकडे लोक शेवटी बघतात आणि वर्षभर पस्तावतात. ठाण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच हवं, खाली गिट्टी, वर ठोकलेला मुरूम, मागच्या नालीकडे हलका उतार. गुळगुळीत फरशी देखणी दिसते पण ओली झाली की घोडा घसरून मांडी मोडून घेतो. ओल्यात उभं राहून खुराचा तळ सडतो तेही टळेल. लिदीचा ढीग पागेपासून लांब न्या, नाहीतर पावसात चावऱ्या माश्या होतात आणि त्या सर्रा हा रक्तातला रोग पसरवतात, जो घोड्याला फार जड जातो.

आता माणसांचं आणि पैशांचं, जे मला बोलायला अवघड जातं, कारण तुमच्यासारखाच मीही दर एकादशीला देवळात जातो. तुम्ही लिहिलंय की विश्वस्तांमध्ये दोन मतं आहेत आणि काहींना सभामंडप आधी हवाय. माझी हात जोडून विनंती आहे की यंदा भजन कडुनिंबाखाली किंवा कुणाच्या पडवीत होऊ द्या. विठ्ठल उघड्यावर भक्तांची वाट बघत युगं उभा आहे असं आपणच म्हणतो. घोड्याला ओल्यात एक रात्र काढणं जड जातं, आणि त्याला कुणाला सांगताही येत नाही. माउलींच्या रिंगणातल्या अश्वाच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. तुमच्या पागेतला प्रत्येक घोडा तोच आहे असं धरलं की कशाला आधी पैसा लावायचा हा वाद उरत नाही.

फुकट टिनं देणाऱ्या भक्तांना नाही म्हणू नका, पण आधी जाडी आणि लांबी मोजून घ्या. पातळ निघाली तर ती कुंपणाच्या आडोशाला वापरू आणि तेवढेच पैसे पायाच्या गिट्टी-सळईला द्याल का, असं मोकळेपणानं विचारा. पायावर नाव कोरता येत नाही म्हणून त्याला दाता मिळत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. पण एकदा वरचा दीड टनाचा हिशेब समजावून सांगितला तेव्हा एका गोशाळेत एका आजोबांनी सगळ्या पायाचा खर्च उचलला. उडालेली जुनी टिनं छपरावर परत घालू नका, त्यांची भोकं सैल झालेली असतात. भंगारात विका आणि पावती ट्रस्टच्या खात्यात दाखवा.

कर्ज काढायचा विचार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. विश्वस्तांनी आपसांत ठराव करून भागत नाही. देणगीदारांना देणगीवरची आयकर सवलत, जिला 80जी म्हणतात ती, 2,000 रुपयांवरच्या रोख रकमेला मिळत नाही, म्हणून मोठ्या देणग्या धनादेशानं किंवा खात्यावर घ्या. अमेरिकेतल्या ज्या नातेवाइकांचा उल्लेख केलात त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल तर त्यांचा पैसा परदेशी देणगी ठरतो आणि त्याची वेगळी नोंदणी नसेल तर घेता येत नाही. पासपोर्ट भारताचाच असेल तर तशी अडचण नाही. हे तुमच्या सीएंना विचारूनच करा.

श्रमदानाबद्दल एकच आग्रह. पोरांना छपरावर चढवू नका. वाकलेल्या कैचीवर अडकलेलं टिन सुटताना तलवारीसारखं येतं. ते काम सुरक्षेचे पट्टे बांधणाऱ्या, सराव असलेल्या माणसांचं. पोरांनी मुरूम पसरावा, चारा निवडावा, रंग द्यावा, नाल्या खणाव्यात. आणि वेल्डिंग चालू असताना सगळा कडबा दोनशे फूट लांब, पाण्याचे दोन ड्रम भरून शेजारी. मे महिन्यात एक ठिणगी पुरते.

थोडक्यात क्रम असा: आज डॉक्टर आणि फोटो, दोन दिवसांत कण्हेर-खिळे-कुजका चारा आवारातून बाहेर, आठवड्याच्या आत खड्डे, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सहा ठाणं, बाकी दिवाळीनंतर. मुलांचे रविवारचे वर्ग तोवर बंद ठेवा. ग्राइंडरच्या आवाजानं बिथरलेल्या घोड्यावर मूल बसवणं बरोबर नाही, मग ते किती का हिरमुसलं होईना. मुलांना येऊ द्या, खरारा करू द्या, लांबून गाजर देऊ द्या. दर्शनाला येणाऱ्यांनी पेढे आणि पोळ्या खाऊ घालणं मात्र बंद करा.

शेवटी तुमची ती म्हातारी घोडी, जी वादळापासून उरलेल्या छपराखाली जायलाच तयार नाही. तिला ओढू नका, मारू तर मुळीच नका. ती जे म्हणतेय ते खरंच आहे, त्या छपरानं तिला दगा दिलाय. नवी ओळ झाली की तिची जोडीदार घोडी आधी शेजारच्या ठाणात बांधा. तिच्या ठाणाचं दार उघडं ठेवा, चंदीचा तोबरा पहिल्या दिवशी दाराबाहेर द्या, मग उंबऱ्यावर, मग आत. आठ दिवस लागतील, कदाचित पंधरा. आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस टिनावर वाजेल त्या रात्री मोतद्दाराला तिच्या ठाणाजवळच खाट टाकून झोपायला सांगा. तुमचे फोटो आले, विशेषतः खांबाच्या बुंध्याचे, की पायाचं माप मी लिहून कळवतो.